बोट पळत नाही, पण दोष इंजिनाचाच का? मुंबईत जुनी मोटरबोट घेणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

नारळी पौर्णिमा झाली की मुंबईच्या आसपास जुन्या बोटींचा बाजार हलायला लागतो. चार महिने ताडपत्रीखाली झोपलेल्या बोटी धुऊन-पुसून, तळाला नवा रंग मारून विकायला निघतात. मांडवा, बेलापूर, मढ, उरण, जिथे तिथे कुणाच्या तरी ओळखीत एक ‘एकदम टकाटक’ बोट असते. मग चाचणीला नेल्यावर ती नाक वर करून बसते आणि पुढे काही जात नाही. विकणारा म्हणतो, ‘पावसाळ्यात बंद होती ना, दोन फेऱ्या मारल्या की मोकळी होईल.’

कधी खरंच होते. कधी होत नाही, आणि तोवर पैसे दिलेले असतात. गेली काही वर्षं ओळखीतले लोक बोट घेण्याआधी मला सोबत नेतात. तेव्हा विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. भर पेट्रोलवर चालणाऱ्या आऊटबोर्डवर, म्हणजे बोटीच्या मागच्या फळीवर बाहेरून टांगलेल्या इंजिनावर आहे, कारण हौशी लोक बहुतेक तेच घेतात. डिझेल आणि इनबोर्डचं (बोटीच्या आत बसवलेल्या इंजिनाचं) पुढे वेगळं लिहिलं आहे.

‘इंजिन वीक आहे’ म्हणजे नक्की काय समजायचं?

काहीच समजायचं नाही. हे वाक्य म्हणजे ‘तब्येत बरी नाही’ म्हणण्यासारखं आहे. आधी दोन आकडे हवेत: पूर्ण थ्रॉटल दिल्यावर आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) किती चढतात आणि त्या वेळी जीपीएसवर वेग किती आहे. हे दोन आकडे हातात आल्याशिवाय मी कुणाचंच ऐकत नाही, विकणाऱ्याचं नाही आणि मेकॅनिकचंही नाही.

आरपीएम पूर्ण येत असतील पण बोट संथ असेल, तर इंजिन आपलं काम करतंय. दोष पंख्यात (प्रोपेलरमध्ये), तळात किंवा वजनात शोधायचा. आरपीएमच चढत नसतील तर दोन शक्यता: इंजिनाला काहीतरी कमी पडतंय (इंधन, हवा, ठिणगी, किंवा कॉम्प्रेशन म्हणजे सिलिंडरमधला दाब), किंवा त्याच्यावर झेपणार नाही एवढं ओझं टाकलंय. पुढची सगळी उत्तरं या एका फाट्यावरून निघतात.

पूर्ण थ्रॉटलला आरपीएम किती यायला हवेत?

प्रत्येक मॉडेलसाठी कंपनीने एक पट्टा ठरवलेला असतो आणि तो मालकाच्या पुस्तिकेत छापलेला असतो. आजच्या बऱ्याच मध्यम आकाराच्या फोर-स्ट्रोक आऊटबोर्डना तो ५,००० ते ६,००० असा असतो. जायच्या आधी आपल्या मॉडेलचा आकडा काढून ठेवा. नेहमीएवढी माणसं आणि नेहमीएवढं पेट्रोल घेऊन इंजिन या पट्ट्याच्या वरच्या अर्ध्यात पोचलं पाहिजे.

डॅशबोर्डवरचं घड्याळ जुनं असेल तर त्याच्यावर डोळे झाकून विसंबू नका. मागे इंजिनाच्या अल्टरनेटरच्या पोलची (चुंबकी ध्रुवांची) संख्या निवडायची छोटी कळ असते. ती चुकीच्या जागी असली की घड्याळ बिनधास्त खोटं बोलतं.

आरपीएम पूर्ण येतात, आवाज झकास, पण बोट रांगते. का?

पहिला संशय पंख्याच्या रबरी बुशावर. पंख्याचा मधला भाग आणि दांडा यांच्यामध्ये रबराचा बुश असतो. पंखा दगडावर आपटला तर गिअर वाचावेत म्हणून तो घसरतो. एकदा तो सैल झाला की हळू चालवताना सगळं ठीक वाटतं, पण जोर दिला की इंजिन किंचाळतं आणि बोट जागची हलत नाही. तपासायला एक पैसा लागत नाही: बुशाच्या आतल्या नळीपासून पंख्याच्या बाहेरच्या भागापर्यंत मार्करने एक सरळ रेघ मारा, पूर्ण थ्रॉटलला एक फेरी मारा, परत येऊन बघा. रेघ तुटून सरकलेली दिसली तर बुश गेला. पंखा दुरुस्त होतो किंवा नवा येतो, इंजिन ठणठणीत आहे. ही आनंदाची बातमी समजा आणि किंमत पाडून घ्या.

दुसरा संशय हवा ओढण्यावर. इंजिन मागच्या फळीवर फार वर बसवलेलं असेल, तर वळताना किंवा लाटेवर पंखा पृष्ठभागावरची हवा ओढतो आणि आरपीएम एकदम उडी मारतात. पंख्याच्या वर जी आडवी पट्टी असते, ती साधारण बोटीच्या तळाच्या रेषेत असावी. खाली वाकून बघायला अर्धं मिनिट पुरतं.

तिसरं म्हणजे तळ. मुंबईच्या पाण्यात दोन महिने उभी राहिलेली बोट उचलून बघितली की कळतं आपण कशाशी झगडत होतो. शेवाळ, आणि ते तळाला घट्ट चिकटणारे, कवचाचे, खरखरीत पांढरे बार्नेकल. पाण्यावर सरपटणाऱ्या बोटीला हा थर ब्रेकसारखा लागतो. फक्त तळच नव्हे, पंख्याची पातीही बघा. पात्यावर दोन-चार बार्नेकल असले तरी वेगात फरक पडतो.

आणि चौथं, जे कुणाला सुचत नाही, ते वजन. जुन्या फायबरच्या बोटीत डेकखाली फोम भरलेला असतो. वर्षानुवर्षं पाणी मुरून तो फोम स्पंज होतो, आणि एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. तीनशे लिटर मुरलं असेल तर तुम्ही चार धडधाकट माणसं कायमची फुकट फिरवताय. यार्डातल्या क्रेनला वजनकाटा असेल तर बोट उचलतानाच वजन बघा आणि कंपनीच्या आकड्याशी ताडून पाहा. काटा नसेल तर डेकवर नाण्याने ठकठक करत फिरा. कोरडी जागा खणखणीत वाजते, भिजलेली बद्द.

पंखा घसरतोय की नाही, हे आकड्यात कसं पकडायचं?

पंख्यावर दोन आकडे कोरलेले असतात: व्यास आणि पिच, दोन्ही इंचात. पिच म्हणजे घट्ट पदार्थात स्क्रू फिरवल्यासारखा पंखा एका फेऱ्यात किती इंच पुढे जाईल ते. हिशेब असा: आरपीएमला पिचने गुणा, मग गिअरच्या गुणोत्तराने भागा, मग १,२१५ ने भागा. उत्तर नॉटमध्ये, म्हणजे ताशी सागरी मैलांत येतं.

उदाहरण घेऊ. आरपीएम ५,४००, पिच १७, गिअर २.१५. उत्तर येतं साधारण ३५ नॉट. हा कागदावरचा वेग. पाणी म्हणजे लाकूड नव्हे, त्यामुळे पाण्यावर उचलणाऱ्या बोटीत दहा ते वीस टक्के घट धरायचीच. जीपीएस २९-३० दाखवत असेल तर सगळं छान. २१ दाखवत असेल तर चाळीस टक्के घट झाली, म्हणजे वरच्या चारपैकी काहीतरी एक नक्की आहे. कॅल्क्युलेटर काढून हा हिशेब विकणाऱ्यासमोर करा. बोलण्याचा सूर बदलतो.

आरपीएमच चढत नाहीत. सुरुवात कुठून करू?

सगळ्यात स्वस्त गोष्टीपासून. इंजिन बंद असताना एकाला थ्रॉटल पूर्ण पुढे ढकलायला सांगा आणि झाकण काढून बघा, इंजिनावरचा लिव्हर खरोखर शेवटच्या टेकणापर्यंत जातो का? केबल ताणलेली किंवा गंजलेली असेल तर हात पुढे जातो, पण इंजिनाला पाऊणच थ्रॉटल मिळतो. अशी बोट ‘इंजिन ओव्हरहॉल मागतंय’ म्हणून विकली जाताना मी बघितली आहे.

नंतर पंख्याचा पिच. आधीच्या मालकाने जास्त वेगाच्या हव्यासाने मोठ्या पिचचा पंखा लावला असेल, तर ते चौथ्या गिअरमध्ये घाट चढवण्यासारखं होतं. एक इंच पिचने साधारण दीडशे ते दोनशे आरपीएमचा फरक पडतो. म्हणजे पट्ट्यापेक्षा चारशे कमी येत असतील तर दोन इंच कमी पिचचा पंखा लावून बघण्यात अर्थ आहे. पण हजार-दीड हजार कमी येत असतील तर पंख्यावर ढकलू नका, आत काहीतरी बिघडलंय.

इंधनाचा दोष ओळखायचा कसा?

इथे जरा रेंगाळणार आहे, कारण पावसाळ्यानंतरच्या बोटीत निम्म्या वेळा घोडं इथेच पेंड खातं.

पेट्रोलच्या नळीवर हाताने दाबायचा रबरी फुगा असतो. बोट पळत असताना, इंजिन दम टाकायला लागलं की तो फुगा कुणाला तरी दाबत राहायला सांगा. इंजिनाने लगेच उचल घेतली तर पेट्रोल कमी पोचतंय: इंजिनावरचा पंप अशक्त आहे, फिल्टरमध्ये कचरा आहे किंवा नळी कुठेतरी हवा ओढतेय. आता त्याच फुग्याकडे बघा. तो चपटा होऊन आत ओढला जात असेल तर अडथळा फुग्याच्या मागे, टाकीच्या बाजूला आहे. टाकीला हवा घ्यायला व्हेंट असतो. तो बंद असला की टाकीत निर्वात तयार होतो आणि पेट्रोल यायचं थांबतं. झाकण उघडल्यावर ‘फुस्स’ असा आवाज आला तर चोर सापडला.

माझ्या पहिल्या बोटीत हेच झालं होतं. ऑक्टोबरात घेतली. दहा मिनिटं छान पळायची, मग गुदमरायची. दोनदा कार्बोरेटर साफ करून घेतला, एकदा पंप बदलला. तिसऱ्या वेळी कंटाळून मी बाहेरच्या व्हेंटमध्ये तार घातली, तर ओंजळभर वाळलेली माती बाहेर आली. पावसाळ्यात बोट यार्डात उभी असताना कुंभारीण माशीने त्या भोकात घर बांधलं होतं. तेव्हापासून कुठलीही बोट बघायला गेलो की सगळ्यात आधी बोट घालतो ते व्हेंटमध्ये.

सगळ्यात खात्रीची चाचणी मात्र वेगळीच. स्वतःची पाच-दहा लिटरची सुटी टाकी न्या, नवं पेट्रोल आणि स्वतःची नळी-फुगा घेऊन. बोटीची टाकी तोडून इंजिन थेट तुमच्या टाकीवर चालवा. दोष नाहीसा झाला तर तो बोटीच्या टाकीत आणि नळ्यांत आहे. दोष तसाच राहिला तर इंजिनावर आहे. दोन हजारांच्या टाकीने दोन लाखांचा वाद मिटतो. इंजिनाला जोडायचा कनेक्टर प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो, तेवढं आधी विचारून घ्या.

पंपावरच्या ई-२० पेट्रोलने काही बिघडतं का?

बिघडू शकतं. आपल्याकडे २०२५ पासून जवळपास सगळीकडे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोलच मिळतं. यामाहा, मर्क्युरी यांच्या पुस्तिकांत मात्र मर्यादा साधारणपणे दहा टक्क्यांची दिलेली असते. इथेनॉल हवेतलं पाणी शोषून घेतं, आणि आपल्या जुलैच्या हवेत पाण्याला तोटा नाही. प्रमाणाबाहेर पाणी शोषलं की इथेनॉल आणि पाणी पेट्रोलपासून सुटून टाकीच्या तळाला बसतं. नेमकी तिथूनच पेट्रोल ओढणारी नळी सुरू होते. शिवाय जुन्या बोटींच्या रबरी नळ्या आणि कार्बोरेटरचे रबरी भाग इथेनॉलने फुगतात, मऊ पडतात, त्यांचे कण फिल्टरमध्ये येतात.

पाणी वेगळं करणारा फिल्टर काढून त्यातलं पेट्रोल काचेच्या बरणीत ओता आणि पाच मिनिटं थांबा. खाली वेगळा थर दिसला तर टाकी रिकामी करून धुवावी लागणार. वास रंगासारखा, व्हार्निशसारखा येत असेल तर पेट्रोल मे महिन्यापासून पडून आहे. त्यावर चालवून बघितलेल्या इंजिनाबद्दल कुठलंच मत बनवू नका, चांगलं नाही आणि वाईटही नाही.

पळता पळता आपोआप दोन-तीन हजार आरपीएमवर येऊन बसतं आणि शिटी वाजते. संपलं का इंजिन?

नाही, ते स्वतःला वाचवतंय. तापमान वाढलं किंवा ऑईलचा दाब पडला की आधुनिक इंजिन आपणहून वेग कमी करतं. लगेच थांबा, आग्रहाने पळवू नका.

तापण्याचं कारण मुंबईत फार लांब शोधावं लागत नाही. आपल्या बंदरातलं पाणी गाळाने भरलेलं. ओहोटीला खाडीतल्या बोटी चिखलात बसतात, आणि चिखलातून निघताना घाईने इंजिन चालू केलं की तो गाळ थेट थंड पाण्याच्या पंपात जातो. आतला इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारं फिरतं चाक, रबराचा. गाळाने तो पॉलिश पेपरने घासल्यासारखा झिजतो. वर प्लॅस्टिकच्या पिशव्या पाणी घ्यायच्या जाळीवर चिकटतात, ते वेगळंच. म्हणून ‘इम्पेलर कधी बदलला?’ हा प्रश्न विचाराच. दर वर्षी बदलणारा मालक असेल तर त्याने बाकी इंजिनाचीही काळजी घेतली असण्याची शक्यता मोठी.

इंजिनाच्या मागून पाण्याची जी बारीक धार येते, ती जोरकस असली पाहिजे. पण धार छान आहे म्हणजे इंजिन थंड आहे, असं धरून चालू नका. ती धार फक्त पंप चालतोय एवढंच सांगते. आतल्या वाटा मिठाने आणि गाळाने बुजलेल्या असू शकतात. लांबून तापमान मोजायची बंदूक ऑनलाइन स्वस्तात मिळते. जोरात पळवून आल्यावर प्रत्येक सिलिंडरच्या डोक्यावर धरा. एक जागा बाकीच्यांपेक्षा बरीच गरम लागली तर तिथली वाट बंद आहे.

कॉम्प्रेशन बघायचं का? किती आलं पाहिजे?

बघायचंच. हे न बघता घेणं म्हणजे मुलगी न बघता लग्न ठरवण्याच्या जुन्या काळात जाणं.

आकडा मॉडेलनुसार बदलतो, त्यामुळे एका सिलिंडरच्या आकड्यात अडकू नका. सिलिंडरा-सिलिंडरातला फरक बघा. सगळे प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून, ठिणगी बंद करून आणि बॅटरी पूर्ण भरलेली असताना मोजायचं. सगळ्यांत जास्त आणि सगळ्यांत कमी यांच्यात दहा टक्क्यांपर्यंत फरक असेल तर ठीक. पंधराच्या पुढे गेला तर कारण सापडेपर्यंत पाकीट खिशातच. एकमेकांशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी आले तर हेड गॅस्केटचा संशय धरा.

प्लग आणि ऑईल बघून काय कळतं?

प्लग म्हणजे प्रत्येक सिलिंडरचा जबाब. फिकट तपकिरी असेल तर सिलिंडर सुखात आहे. काळा, काजळी धरलेला असेल तर पेट्रोल जास्त. पांढराफटक असेल तर पेट्रोल कमी पडतंय किंवा तापतंय. चार काळवंडलेल्या प्लगमध्ये एकच स्वच्छ, वाफेने धुतल्यासारखा असेल तर घाबरा, त्या सिलिंडरमध्ये पाणी जातंय. चारही प्लग नवे कोरे असतील तर जबाब बदललाय असं समजा, आणि जुने कुठेत ते विचारा.

खालच्या भागातलं गिअर ऑईल: सगळ्यात खालचा स्क्रू जरासा सैल करून बोटावर थेंब घ्या. आधी पाणी आलं किंवा ऑईल चहासारखं दुधाळ असेल तर सील गेलं आहे. पंख्यामागे गुंडाळलेला नायलॉनचा दोर किंवा जाळ्याचा तुकडा हा त्यातला नेहमीचा गुन्हेगार, आणि आपल्या किनाऱ्यावर त्याची काय कमी! नुसतं सील बदलणं फार महाग नाही. पण थेंबात चमचमणारे लोखंडाचे कण दिसले तर गिअर खाल्ले गेलेत.

फोर-स्ट्रोकची ऑईलची पट्टीही ओढून बघा. पातळी खुणेच्या वर असेल आणि वास पेट्रोलचा येत असेल तर पेट्रोल ऑईलमध्ये उतरतंय. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनाचं तापमान राखणारी झडप, उघडा अडकून इंजिन कायम थंडच राहिलं की असं होतं.

विकणारा म्हणतो, जमिनीवरच पाण्याचा पाइप लावून चालवून दाखवतो. पुरे ना?

इंजिन चालू होतं एवढं कळायला पुरे. ओझ्याशिवाय अशक्त इंजिनही गोड वाजतं. आणि पाइप न लावता ‘फक्त पाच सेकंद’ कुणालाही चालू करू देऊ नका, कोरडा इम्पेलर तेवढ्यातही जळू शकतो.

समुद्रात चाचणी कधी आणि कुठे घ्यावी?

भरतीचं वेळापत्रक बघून. मोठ्या उधाणाला आपल्याकडे पाणी चार मीटरहून अधिक वरखाली होतं, आणि बंदराच्या तोंडाशी प्रवाह चांगलाच ओढतो. प्रवाहाबरोबर गेलात तर मरतुकडी बोटही वेगवान दिसते. म्हणून एकाच रेषेत जाऊन-येऊन दोन्ही वेळचा जीपीएस वेग घ्या आणि सरासरी काढा. शक्य असेल तर भांगाचे, म्हणजे लहान भरती-ओहोटीचे दिवस निवडा, तेव्हा प्रवाह मंद असतो. सकाळी लवकर जा, दुपारनंतर वारा उठतो आणि लाटेत पूर्ण थ्रॉटल देता येत नाही.

निदान चाळीस मिनिटं पळवा. दहा मिनिटांच्या फेरीत व्हेंट, तापणं, गरम झाल्यावर जाणारी इग्निशन कॉइल, यातलं काहीच सापडत नाही. वेग वाढवायला सुरुवात केल्यापासून बोट पाण्यावर उचलेपर्यंत किती सेकंद लागले ते मोजा. मग मधल्या वेगावर स्थिर ठेवा, पूर्ण थ्रॉटल द्या, एकदा इंजिन बंद करून गरम असतानाच पुन्हा चालू करा.

जागेबद्दल एक कळकळीची गोष्ट. नौदलाच्या गोदीजवळ आणि जवाहर द्वीपाच्या तेलाच्या धक्क्यांजवळ जायचं नाही. प्रवासी फेरीबोटींच्या वाटेवर तर पूर्ण थ्रॉटलची चाचणी मुळीच नको. १८ डिसेंबर २०२४ ला इंजिनाची चाचणी सुरू असलेली नौदलाची एक बोट ताबा सुटून घारापुरीच्या वाटेवरच्या ‘नीलकमल’ फेरीबोटीवर आदळली आणि माणसं गेली. ज्या इंजिनावर संशय आहे तेच आपण चाचणीला नेत असतो. थ्रॉटल अडकू शकतो, हे गृहीत धरूनच निघायचं. इंजिन बंद करणारी लाल दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा पायाला, आणि लाइफ जॅकेट सगळ्यांच्या अंगात. सीटखाली नव्हे.

मी पोचलो तेव्हा इंजिन आधीच गरम होतं. वाईट मानायचं का?

मी तरी मानतो. थंड इंजिन कसं चालू होतं यातच अर्धी कुंडली असते. फोनवरच सांगून ठेवायचं: ‘काका, मी यायच्या आधी चालू करू नका.’ पोचल्यावर आधी झाकणाखाली हात लावून बघा. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी परत जा. ‘सहज चालू केलं’ हे एकदा चालतं, दोनदा नाही.

डिझेल इनबोर्ड घेतोय. त्यात काय वेगळं बघू?

धूर. थंड चालू करताना थोडा पांढरट धूर येऊन गेला तर हरकत नाही. गरम झाल्यावरही पांढरा धूर राहिला आणि डोळे चुरचुरले तर डिझेल नीट जळत नाही: इंजेक्टर, टायमिंग किंवा कॉम्प्रेशन. निळसर असेल तर ऑईल जळतंय. काळा म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी: एअर फिल्टर, टर्बो, आफ्टरकूलर मिठाने बुजलेला, किंवा पंखा झेपत नाही इतका मोठा. आरपीएम पूर्ण न येता काळा धूर येत असेल तर आधी तळ आणि पंखा साफ आहे का ते बघा. बार्नेकल लागलेल्या पंख्यानेही नेमकं असंच चित्र दिसतं.

पळता पळता बंद पडून पुन्हा चालू व्हायला त्रास होत असेल तर डिझेलच्या लाइनने एअर पकडली आहे. मच्छीमारी बोटींवरच्या कुठल्याही खलाशाला ती काढता येते. पण ती येते कुठून हे सापडलं पाहिजे.

खाऱ्या पाण्याला लागणारा एक्झॉस्टचा वाकडा पाइप मात्र काढूनच बघा. तो आतून गंजून बुजतो, इंजिन श्वास सोडू शकत नाही आणि जोर कमी होतो. भोक पडलं तर पाणी थेट सिलिंडरमध्ये जातं, आणि इंजिन कायमचं गेलं. पेट्रोलच्या इनबोर्डलाही हाच नियम, आणि शिवाय चालू करण्याआधी चार-पाच मिनिटं ब्लोअर लावून पेट्रोलची वाफ बाहेर काढायची. यात हयगय नको, तिथे स्फोट होतो.

मीटरवर फक्त १८० तास आहेत. उत्तमच ना?

बोट दहा वर्षांची असेल तर उत्तम नाही. खाऱ्या हवेत नुसतं उभं राहिलेलं इंजिन चालणाऱ्यापेक्षा लवकर मरतं. दर वर्षी शंभर तास चालून वेळेवर सर्व्हिस झालेलं इंजिन मी केव्हाही पसंत करेन. इंजेक्शनच्या इंजिनात कॉम्प्युटर असतो. मेकॅनिकच्या लॅपटॉपला जोडला की एकूण तास, किती आरपीएमवर किती तास गेले आणि जुने दोष, हे सगळं दिसतं. मीटरचे १८० आणि कॉम्प्युटरचे ९०० असतील तर मीटर बदललेला आहे.

मेकॅनिक म्हणतो, ‘काही नाही, कार्बोरेटर साफ करायचाय.’ खरं असेल?

असू शकतं. पावसाळ्यात पडून राहिलेल्या पेट्रोलने जेट बुजतात, हे नेहमीचंच. पण मग माझा साधा प्रश्न असतो: एवढं किरकोळ काम असेल तर विकायच्या आधी का नाही केलं? साफ करा, खर्च आपण निम्मा-निम्मा वाटून घेऊ, मग चाचणी घेऊ. या प्रस्तावाला नाही म्हणणाऱ्याकडून मी आजवर बोट घेतलेली नाही.

इंजिन चांगलं आहे, पण कंपनीच बंद पडलीय. घ्यावं का?

एव्हिनरूडबद्दल विचारताय बहुतेक. त्यांनी मे २०२० मध्ये आऊटबोर्ड बनवणं थांबवलं. चालणारं इंजिन त्यामुळे वाईट होत नाही, पण सुट्या भागांसाठी मुंबईत कोण उभं राहील हे आधी विचारा. किंमत करताना इंजिनाची किंमत जवळपास शून्य धरा आणि फक्त बोटीचीच द्या.

कागदांचा आणि इंजिनाच्या ताकदीचा काय संबंध?

वाटतो त्यापेक्षा जास्त. नोंदणीच्या कागदावरचा इंजिन नंबर आणि अश्वशक्ती प्रत्यक्ष इंजिनावरच्या पट्टीशी जुळवून बघा. झाकणावरच्या स्टिकरवर जाऊ नका, ११५ चं झाकण ९० च्या इंजिनावर बसवणारे महाभाग आहेत. तुम्ही बसता ११५ चा जोर शोधत!

कुठल्या दोषासह घ्यावं आणि कुठल्याला नमस्कार करावा?

पंखा, केबल, व्हेंट, नळ्या, फिल्टर, इम्पेलर, थर्मोस्टॅट, मळलेला तळ: हे सगळं हजारांतलं काम आहे. किंमत कमी करून खुशाल घ्या. गिअर ऑईलमध्ये लोखंड, एका सिलिंडरचं पडलेलं कॉम्प्रेशन, वाफेने धुतलेला प्लग, मुरलेला फोम: यांचे आकडे लाखांत जातात आणि नेमके किती ते खोलल्याशिवाय कळत नाही. तिथे मी हात जोडतो.

अपवाद एकच. मुळात तुम्हाला नवं इंजिनच लावायचं असेल आणि सांगाडा उत्तम असेल, तर मेलेलं इंजिन हा तुमचा फायदाच. पण मग फोम मात्र दोनदा तपासा.

तपासणारा मेकॅनिक विकणाऱ्याच्याच ओळखीचा आहे. चालेल?

त्याला चहा पाजा, त्याचं ऐकून घ्या आणि दुसरा आणा.